पूर्वेला कोणाचं शेत

४ मार्च

खारूताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच टाकून देशील, अशी तुझ्या वहिनीने पैज लावली आहे. माझं म्हणणं, तू आधी वाचशील आणि मग टाकशील. जन्मभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्यास, तुला न वाचता कागद टाकवायचा नाही. आणि या पत्रात चुकांना तोटा नाही.

तुझे बाबा, आमचे काका, पडल्याचं कळलं. आपल्या कंपाउंडरने सांगितलं की आता उठून बसतात, पण नजर पार गेल्यात जमा आहे. आणि रोज सकाळी तुला एकच विचारतात, तो कागद मिळाला का. कंपाउंडरला वाटलं, रक्ताबिक्ताचा रिपोर्ट असेल. मला कळलं कुठला कागद ते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेवढ्यासाठीच लिहितोय. बावीस वर्षांपूर्वी तू मागितलेला तो कागद गहाळ झाला होता, पण आता कदाचित मिळू शकेल. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रेकॉर्ड रूममध्ये थोडी ओळख आहे. काकांचं वय एक्क्याण्णव. त्यांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत म्हणू या, तो कागद त्यांच्यापर्यंत पोहोचावा, एवढंच मला आता हवं आहे.

आमच्या वरच्या घरात ती गोष्ट कशी सांगत, हे तू माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाहीस. बोटीने आलेले परके साहेब, मुलूख मोजायला नेमलेले. लोक त्यांना मोजणीसाहेबच म्हणत. इथेच राहिले, इथल्याच एका विधवेशी लग्न केलं आणि इथेच वारले. मृत्युपत्रात त्यांनी दोन वाक्यं लिहिली. घर आणि वरचं रान थोरल्याला, जो माझं नाव लावतो. ओढ्याकाठचं शेत धाकट्याला, ज्याला मी या घरात वाढवलं. थोरला म्हणजे माझे पणजोबा. धाकटा म्हणजे काकांचे आजोबा, साहेबांच्या घरच्या धुणेवालीचा मुलगा. ‘मुलगा’ हा शब्द साहेबांनी दोघांपैकी कोणालाच वापरला नाही. पण आम्ही अर्थ लावला की नाव लावतो तो पोटचा आणि वाढवला तो दयेचा. आपला तो बाब्या, लोकांचं ते कार्टं. तुम्ही खालच्या घरचे म्हणत राहिलात की धाकटाच साहेबांच्या रक्ताचा, आणि आम्ही हसत राहिलो.

माझ्या लग्नात फोटो काढायच्या वेळी माझ्या वडिलांनी काकांना सांगितलं, तुम्ही जरा बाजूला व्हा, हा घरच्यांचा फोटो आहे. काका बाजूला झाले आणि तू त्यांचा हात धरून उभी राहिलीस. मी मधोमध होतो, कॉलर नीट करत.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहीनच.

दादा


१५ मार्च

खारूताई,

उत्तर आलं नाही, म्हणजे अजून पैज कोणीच जिंकलेली नाही.

सोमवारी ऑफिसात जाऊन आलो. ऑफिस आता नव्या इमारतीत गेलंय. काचेची दारं, थंड हवा आणि कागदाचा वास नावालाही नाही. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता रेकॉर्ड रूमची प्रमुख आहे. मी तिला टाचणी म्हणायचो, कारण अंगाने बारीक आणि बोलायला टोचणारी. वाटलं होतं, या सर, बसा सर, चहा घ्या सर. ती म्हणाली, या सर, तीन नंबरच्या खिडकीवर अर्ज मिळतो. मी निमूटपणे रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याने मला विचारलं, पहिल्यांदाच आलात वाटतं?

अर्ज घेऊन तिच्याकडे गेलो तर तिने रुमालाचा नंबर विचारला. आम्ही कागदांचे गठ्ठे लाल कापडात बांधतो, त्याला रुमाल म्हणतात, हे तुला माहीत आहे. मी नंबर सांगितला. ती म्हणाली, ते जुने नंबर झाले, इमारत बदलली तसे सगळे बदलले. मग म्हणाली, पण सर, त्या गावाच्या रुमालात हा कागद नाहीच. तुम्हीच कधीतरी शेरा मारलाय ना, आढळून येत नाही म्हणून?

मी अर्ज तसाच खिशात घातला आणि तडक घरी आलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तेव्हा मागच्या पत्रातली पहिली चूक दुरुस्त करतो. कागद गहाळ झाला नव्हता.

तू खिडकीशी आलीस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तुझ्या बोटांना शाई लागलेली होती. तू म्हणालीस, आपल्या घरचे सगळे कागद वाचून झाले दादा, त्यांत काही मिळत नाही, आता शेजाऱ्यांचे बघायचेत. मी तुला हसलो. पण तू जे सांगितलंस ते मला, वीस वर्षं त्याच कागदांत लोळलेल्या माणसाला, कधी सुचलं नव्हतं. जमिनीच्या प्रत्येक कागदात चतुःसीमा लिहितात. पूर्वेला कोणाचं शेत, पश्चिमेला कोणाचं, उत्तरेला, दक्षिणेला. तू म्हणालीस, माणूस स्वतःच्या कागदात काय वाट्टेल ते लिहून घेईल, पण शेजाऱ्याला खोटं लिहायचं कारण नसतं. तो सगळ्या गावाला माहीत असतं तेच सांगतो. आपल्या दोन्ही घरांच्या शेतांना लागून घाणेवाल्याचं शेत होतं. त्याचा आणि दुसऱ्या कोणाचा तरी बांधावरून तंटा झाला होता आणि त्यात त्याचा जबाब झाला होता. तुला तो जबाब हवा होता.

मी आत गेलो. रुमाल सोडला. जबाब पाचव्या मिनिटाला सापडला आणि मी तो उभ्या उभ्या वाचला. तू बाहेर बाकावर बसली होतीस. मी अर्धा तास आतच राहिलो आणि मग येऊन तुझ्या अर्जावर लिहिलं, आढळून येत नाही. खाली सही केली. तू म्हणालीस, असू दे दादा, तू शोधलंस ना. त्या वाक्यावर मी बावीस वर्षं जगलोय.

दादा


२८ मार्च

खारूताई,

तुझं कार्ड आलं. दोनच वाक्यं. कागद दे, पत्रं नकोत. वहिनी पैज हरली. मी ते कार्ड चार वेळा वाचलं, शेवटी ती म्हणाली की एवढ्या वेळा तर साखरपुड्यानंतरचं माझं पत्रही वाचलं नव्हतंस.

पत्रं नकोत म्हणालीस, पण कागद मिळवायचा तर हे सांगावंच लागेल.

तुला वाटत असेल मी तो जबाब फाडला. नाही फाडला. कागद फाडणं हे आमच्या धंद्यात महापाप आहे. तेवढ्या एका बाबतीत मी सोवळा राहिलो. पण चुकीच्या रुमालात ठेवलेला कागद कोणालाही सापडत नाही, हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. मी असा रुमाल शोधला की ज्याची नक्कल मागायला कोणी येणारच नाही. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचा. तिथल्या बांधांवरून भांडायला आता फक्त मासे उरलेत. त्या रुमालात सर्वांत तळाशी जबाब ठेवला, गाठ मारली आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. इतका मी निर्लज्ज होतो.

आता खरी अडचण ऐक. बुडालेल्या गावांचे सगळे रुमाल नष्ट करायच्या यादीत गेले आहेत. नव्या इमारतीत जागा कमी, म्हणून ज्यांचा उपयोग नाही ते लगद्याला. ही यादी टाचणीनेच मला दाखवली. दहा एप्रिलपर्यंत कोणीही हरकत घेऊ शकतं, पण लेखी. कारण द्यावं लागतं.

मी लगेच लिहून दिलं की इतिहासाच्या अभ्यासासाठी हरकत आहे. टाचणीने वाचलं, चष्मा काढला आणि अर्ज परत केला. म्हणाली, “सर, तुम्हीच शिकवलंत, रुमालात काय आहे ते न सांगता हरकत घेता येत नाही. काय आहे त्यात?”

मी म्हटलं, घाणेवाल्याचा जबाब. ती म्हणाली, दुसऱ्या गावचा जबाब या गावच्या रुमालात कसा गेला? मी म्हटलं, उद्या सांगतो. त्याला सहा दिवस झाले. रोज कपडे करून निघतो, बसस्टॉपपर्यंत जातो आणि भाजी घेऊन परत येतो. घरात भाजी इतकी साठली आहे की वहिनीला संशय आलाय.

लेखी कबुली म्हणजे चौकशी. आणि चौकशीपेक्षा वाईट म्हणजे, त्या रूममधली माझ्यानंतरची सगळी माणसं मला मानतात. शिस्तीचा माणूस म्हणून माझं उदाहरण देतात.

आणखीही एक कारण आहे. ते आज लिहवत नाही.

दादा


६ एप्रिल

खारूताई,

दिलं लिहून. काल, पावणेअकरा वाजता, तीन नंबरच्या खिडकीवर. मी, अमुक तारखेला, रेकॉर्डकीपर असताना, सदर जबाब वाचून, जाणूनबुजून चुकीच्या रुमालात ठेवला आणि अर्जदार बाईंना खोटा शेरा दिला. तुझ्या अर्जाचा क्रमांकही लिहिला. पाठ होता.

टाचणीने ते उभ्याने वाचलं. मला वाटलं, आता टोचणार. तिने शिक्का मारला, पोच दिली आणि दोन शिपायांना घेऊन खाली गोडाऊनमध्ये गेली. मी बाकावर बसलो. अर्जदार म्हणून त्या बाकावर पहिल्यांदाच बसलो, फार कडक आहे. दीड तासाने ती वर आली. केसांत धूळ होती आणि हातात तो कागद. अगदी कोरडा, कडा थोड्या कुरतडलेल्या. मला म्हणाली, “वरिष्ठांना कळवावं लागेल सर.” मी म्हटलं, कळव. मग ती हळूच म्हणाली, तुम्ही आला नसतात तर सोमवारी हा गठ्ठा गाडीत चढला असता. मला चहा पाजला तिने, अखेरीस.

आता ते कारण.

तुला वाटतं, मी जबाब लपवला कारण त्यात तुमची बाजू खरी निघाली. ते खरं आहे, पण अर्धंच. घाणेवाला काय बोलला ते शब्दाला शब्द लिहितो. साहेब वारल्यावर दोन वर्षांनी दिलेला जबाब आहे.

“माझ्या शेताच्या उत्तरेस मोजणीसाहेबांच्या मुलाचं शेत, तो लहान आहे, त्याची आई धुणेवाली ते कसते. पूर्वेस साहेबांच्या बाईंनी पहिल्या घरून आणलेल्या मुलाचं शेत, त्यास साहेबांनी आपलं नाव दिलं आहे.”

वाचलंस? पहिल्या घरून आणलेला. म्हणजे माझे पणजोबा. साहेबांनी ज्या विधवेशी लग्न केलं, तिच्या आधीच्या नवऱ्याचा मुलगा. शंभरावर वर्षं आम्ही तुम्हाला बाजूला उभं करत आलो आणि साहेबांच्या रक्ताचा थेंबही आमच्यात नव्हता. खरं तर मृत्युपत्रात ते उघडच होतं. पोटच्या मुलाने नाव लावलं तर ते लिहून सांगायला कशाला लागतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या दिवशी आत अर्धा तास मी काय करत होतो, तर एका लोखंडी शिडीवर बसून होतो. वडील तेव्हा होते. दिवाणखान्यात पाहुण्यांना साहेबांच्या गोष्टी सांगायचे, नाक दाखवायचे, हे बघा साहेबांचं नाक. माझ्या मुलाने शाळेत साहेबांवर निबंध लिहिला होता. आणि मला वाटलं, हा कागद बाहेर गेला तर मी कोण? तुमचा कोणी नाही, साहेबांचा कोणी नाही. ज्याचं नावगाव कोणी लिहूनसुद्धा ठेवलं नाही अशा कुठल्या तरी माणसाचा पणतू. भीती वाटली, खारूताई. लाज नंतर वाटायला लागली आणि मग ती गेलीच नाही.

आता तुला सगळं कळलं. नक्कल गुरुवारी मिळेल, शिक्क्यासह. पोस्टाने पाठवतो. तुला माझं तोंड बघावं लागू नये म्हणून.

दादा


१३ एप्रिल

खारूताई,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. “बाबा म्हणतात, ज्याने लपवला त्यानेच वाचावा. रविवारी सकाळी ये.”

येतो. वहिनी विचारते, हातात काय न्यावं. मी म्हटलं, कागदच पुरे. ती म्हणते, निदान दाढी तरी करून जा.

दादा


५ मे

खारूताई,

त्या रविवारी तू मला चहा दिलास, बशीवर साखरेचा चमचा वेगळा ठेवलास, पण एक शब्द बोलली नाहीस. तो तुझा हक्क होता. पण तू काकांचं औषध आणायला खाली गेलीस, त्या पाऊण तासात काय झालं ते तुला कळायला हवं. काकांनी सांगितलं नसेल. त्यांना गुपितं आवडतात, हे मला परवाच कळलं.

जबाबाचं वाचन तू ऐकलंसच. जोरात वाच, तोंडातल्या तोंडात खूप झालं, असं ते मला म्हणाले तेव्हा तू खिडकीकडे तोंड केलंस. हसलीस, असं मला वाटतं, पण दावा नाही. धुणेवालीचं वाक्य त्यांनी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी माझ्याबरोबर तेच म्हणाले, त्याची आई ते कसते. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी, हजार लोकांची नावं लिहिली. त्यांच्या आजोबांना साहेबांचा मुलगा म्हणणारं एवढं एकच वाक्य निघालं, आणि ते त्यांना बघता आलं नाही. मी ते ओळखून त्यांचं बोट धरून त्या ओळीवरून फिरवलं.

मग तू गेलीस. दार लागल्याचा आवाज झाल्यावर काका म्हणाले, “ते दुसरं वाक्य वाचून घाबरलास ना तू?”

मी म्हटलं, हो.

“कशाला?”

मी म्हटलं, मग मी कोणाचा, असं झालं काका.

ते इतके हसले की खोकला लागला आणि मला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाले, “अरे, माझे आजोबा साहेबांच्या रक्ताचे, पण त्यांना नाव द्यायला साहेब घाबरले. तुझे पणजोबा रक्ताचे नव्हते, तर त्यांना नाव दिलं. दोघांनाही अर्धाच बाप मिळाला. आणि त्या अर्ध्या-अर्ध्यावरून आपण भांडतोय.”

मला रडू आलं. सांगायला लाज नाही वाटत. काकांना दिसलं नाही, पण त्यांनी टॉवेल पुढे केला.

मग त्यांनी उशीखालून वही काढली आणि म्हणाले, लिहून घे, मला मृत्युपत्र करायचंय. ओढ्याकाठचं शेत लेकीच्या नावाने. मी म्हटलं, वकिलाला बोलावू. म्हणाले, वकील नंतर. तुझं अक्षर चांगलं आहे, निदान आता तरी त्याचा चांगला उपयोग कर. मी लिहायला बसलो. शेताचं वर्णन झालं, चतुःसीमा आली. दक्षिणेस तेलाची गिरणी, घाणेवाल्याच्या नातवांची. पश्चिमेस ओढा. उत्तरेस रस्ता. पूर्वेला माझं शेत. मी सवयीने माझं नाव आणि गट नंबर लिहायला लागलो. पेनाचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, काय लिहितोस? मी सांगितलं.

“नंबर खोड,” काका म्हणाले. “नंबर बदलतात, तूच सांगितलंस. लिही, पूर्वेस माझ्या पुतण्याचं शेत.”

मी लिहिलं. ते अक्षर जरा वाकडं आलंय.

तेवढ्यात तू आलीस. मी मसुदा वहीत ठेवून निघालो, कारण तो तू वाचत असताना समोर बसण्याचं धैर्य नव्हतं. नंतर दोन आठवडे काहीच कळलं नाही. इकडे ऑफिसातून चौकशीचं पत्र आलं, मी गेलो, विचारलं तेवढं सांगितलं. लेखी ताकीद मिळाली. टाचणीने ती मला देताना दोन्ही हातांनी दिली.

आणि काल तुझ्या हस्ताक्षरातलं पाकीट आलं. आत मसुदा, तांबड्या पेनाने तपासलेला. चिठ्ठी नाही. चतुःसीमेच्या स्पेलिंगमध्ये, म्हणजे ऱ्हस्वदीर्घात, दोन दुरुस्त्या. एक तारीख बदललेली. आणि शेवटच्या ओळीत ‘माझ्या पुतण्याचं’ हे शब्द खोडलेले. सरळ, जाड रेघ. कागद जवळजवळ फाटलाय तिथे.

मी मसुदा टेबलावर ठेवून दिला आणि वहिनीला म्हटलं, बरोबर आहे तिचं. बावीस वर्षांचं एका रविवारी फिटत नाही. वहिनीने कागद उजेडात धरला आणि विचारलं, पण खाली ही टिंबं कसली आहेत? खोडलेल्या दोन शब्दांखाली, बारीक, एका ओळीत, सारख्या अंतरावर नऊ टिंबं. मी म्हटलं, पेन झटकला असेल. ती म्हणाली, पेन झटकल्यावर इतकी शिस्तीत पडतात?

आज सकाळी मी तुझ्या जुन्या छापखान्यात गेलो. तुमचे ते म्हातारे खिळे जुळवणारे अजून येऊन बसतात, करमत नाही म्हणून. त्यांना फक्त ती ओळ दाखवली. ते म्हणाले, ही तर बाईंची खूण. मुद्रित तपासताना आधी रागाने खोडलं आणि मग वाटलं की नको, तर खाली टिंबं द्यायची. मी विचारलं, मग काय करायचं? ते माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघत म्हणाले, “काय करायचं म्हणजे? आहे तसं राहू द्यायचं.”

पक्की प्रत लिहायला घेतली आहे. रविवारी घेऊन येतो, काकांच्या सहीसाठी.

तुझा दादा